वाकलेलं माणूस

लग्न होऊन मी राजुरीजवळच्या वस्तीवर आले, तेव्हा उसात वाघ असतो हे मला थट्टेतलं बोलणं वाटलं होतं. माझं माहेर आळेफाट्याचं. वडिलांचं गॅरेज, दारावरून नाशिकच्या आणि नगरच्या गाड्या, कधीही बघा उजेड आणि माणसं. तिथे भ्यायचं ते फक्त ट्रकला. इथे चारी बाजूंनी ऊस आणि मधे आमची तीन घरं. पहिल्याच आठवड्यात शेजारणीने मला बजावलं, "दिवे लागल्यावर त्याचं नाव घ्यायचं न्हाई. जनावर म्हनायचं." बिबट्याला इथे सगळे वाघच म्हणतात, आणि संध्याकाळनंतर तेही म्हणत नाहीत.

नवऱ्याचे चुलते आमच्यातच राहायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. लग्न केलेलं नव्हतं, बोलणं अगदी कमी. पहाटे वीज आली की मोटर चालू करायला ते अंधारात बॅटरी न घेता जायचे. कुठल्याही वस्तीवरचं कुत्रं त्यांच्यावर भुंकत नसे. डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी लसूण सोलायला वाढवलेलं. हातांवर कायम ओरखडे. उसाच्या पानांनी ते आमच्या सगळ्यांच्याच हातांवर असायचे, पण मला दिसायचे ते त्यांचेच. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला अंगणवाडीतून तेच खांद्यावर बसवून आणायचे. मी म्हणायचे, चालू द्या की तिला, पाय काय शोभेला दिलेत? दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा खांद्यावर.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं वाईट होती. आज या गावची बातमी, उद्या त्या वस्तीची. शेळ्या, कुत्री, मग माणसं. वनखात्याची जीप भोंगा लावून फिरायची. उसात एकटे जाऊ नका, बोलत चला, वाकून किंवा बसून काम करताना जपा, वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं. मी शेजारणीला म्हटलं, "आपण बायका तर जन्मभर वाकलेल्याच. मग आपण कोण?" दोघी हसलो. हसू फार वेळ टिकलं नाही, कारण समोर वाऱ्याने ऊस हलत होता.

टीव्ही तेव्हा फक्त आमच्याकडे होता. आठवड्यातून एकदा भुताखेतांची हिंदी मालिका लागायची आणि तिन्ही घरं आमच्या पडवीत जमायची. एकदा तिच्यात एक साधासुधा नोकरदार पौर्णिमेला लांडगा झाला. आधी नखं वाढली, मग शर्ट फाटला, मग डोळे पिवळे झाले. नेमकी तेव्हाच लाईट गेली. कुणीतरी बॅटरी लावली. झोत दाराशी बसलेल्या तात्यांवर पडला आणि त्यांचे डोळे चमकले. मांजराचे चमकतात तसे. पोरं किंचाळली. तात्या उठून निमूट बाहेर गेले.

अंधारातच शेजारीण हळू आवाजात म्हणाली, "ह्ये काय टीव्हीतलंच न्हाई. डोंगरात एकाला जनावराचं रूप घ्यायचा मंतर येत व्हता. बायकू हट्टाला पेटली, मला दावा म्हनून. त्यानं तिच्या हातात पान्याचा तांब्या दिला. म्हनला, मी जनावर झालो की ह्ये पानी माझ्यावर टाक, म्हंजी मी माघारी मानूस व्हईन. तो जनावर झाला आन् ती तांब्या घिऊन जी पळाली, ती पळालीच."

"मग?"

"मग काय. ऱ्हायला तसाच."

मला झोप लागली नाही. तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं मला ठाऊक होतं. आत बसवलेल्या भिंगावर उजेड पडला की डोळा चमकतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. पुढे माझ्या वडिलांचं तेच ऑपरेशन झालं, बॅटरीत त्यांचेही डोळे तसेच चमकले, आणि मी मोरीत जाऊन रडले. पण ते पुढे. तेव्हा भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तशी माझी गत झाली होती.

चार दिवसांनी सकाळी मी तात्यांची न्याहारी घेऊन निघाले. रात्री पाणी सोडलेलं, त्यामुळे पाटाकडेची माती ओली. तीत तात्यांच्या अनवाणी पायांचे ठसे उमटलेले, डाव्या पायाची करंगळी जरा बाहेर, मी ओळखते. ठसे बांधाच्या गवतापर्यंत गेले होते. गवताच्या पलीकडे पुन्हा ओली माती होती आणि तिथे माणसाचं पाऊल नव्हतंच. तिथून पुढे पंजे होते. गोल, माझ्या तळहाताएवढे, सरळ मोटरच्या खोलीकडे गेलेले. खोलीच्या दारात तात्या बसले होते, तोंड धूत. मी भाकरी तिथेच दगडावर ठेवली आणि मागे फिरले. 

हे मी शेजारणीला सांगितलं. एकीला सांगितलं, म्हणजे राजुरीच्या बाजारापर्यंत गेलं. नवऱ्याने मला वेड्यात काढलं. मी म्हटलं, एकतर ते या घरात राहतील नाहीतर मी आणि पोरगी. माझं तोंड मुळात फटकळ, त्यात पोरीच्या जिवाची भीती. तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तात्यांनी स्वतःच घोंगडी आणि ताट उचललं आणि ते मोटरच्या खोलीत राहायला गेले. जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला आले, तर मी तिला मागे ओढलं.

म्हणजे ज्या माणसाला मी वाघ समजत होते, त्याला मीच वाघाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

मार्गशीर्ष लागला होता. एका दुपारी, चारचा सुमार असेल, मी बांधावर गवत कापत होते. मुलगी माझ्याजवळ लाल स्वेटर घालून उभी होती. मी गप्प होते, बोलत राहायचं विसरले होते. एकाएकी मोटरच्या खोलीकडून आवाज आला. तसला आवाज मी माणसाच्या घशातून कधी ऐकला नव्हता. मान वर केली तर तात्या आमच्याकडे धावत येत होते. घोंगडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली, तोंड वासलेलं, डोळे बाहेर आलेले, आणि घशातून ती गुरगुर, ती डरकाळी. मुलगी रडलीसुद्धा नाही, थिजली. माझ्या मनात एकच आलं, झाला, आज झाला. मी तिला उचललं आणि त्यांच्यापासून लांब पळाले. लांब म्हणजे कुठे, तर उसाकडे.

"न्हाई! तिकडं न्हाई!" हे शब्द आता माणसाचे होते. घोंगडी माझ्या कानाजवळून गेली आणि उसाच्या तोंडाशी पडली. तेव्हा मला तो दिसला. माझ्यापासून दहा पावलांवर, पोट जमिनीला टेकवून बसलेला. मी वाकले होते तेव्हापासून तो माझ्याकडेच बघत असणार. घोंगडीकडे बघून त्याने दात दाखवले, मग वळला, आणि शेपटाचं टोक पानांत गेलं. ऊस लांबपर्यंत हलत गेला.

तात्या गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते. आवाज पार बसला होता. "सरळ उभी ऱ्हा," एवढंच ते म्हणाले. मी मुलीला घट्ट धरून उभी राहिले. तिचं अंग तापल्यासारखं झालं होतं. तिची नजर उसाकडे नव्हतीच, तिने बिबट्या पाहिलाच नव्हता.

घरी आल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, तात्या वाघ झाले. डरकाळी फोडली आणि आम्हाला खायला धावले. मी घसा फोडून खरं काय ते सांगितलं. शेजारीण म्हणाली, "लेकरू खोटं बोलंल का? आन् आधी तूच तर म्हनली व्हतीस."  पंज्यांची गोष्ट माझ्याच तोंडून निघाली होती. मी गावभर फिरून सांगितलं असतं तरी लोकांना माझी पहिली गोष्टच बरी वाटली असती. त्या तांब्यावाल्या बाईला मी मनात नावं ठेवली होती. माझ्याही हातात तांब्या होता आणि मीही पळालेच होते.

आठवडाभराने भर दुपारी मी मुलीला घेऊन त्यांना आणायला गेले, मोठमोठ्याने बोलत. ते दारातच होते. म्हटलं, चला, घरी चला, माझं चुकलं.

"तुला ठसं दिसलं व्हतं न्हवं?" ते म्हणाले. "लई दिस मागं यायचं ते माझ्या. मी पुढं, ते मागं. त्या दिशी मी बांधाच्या गवतावरनंच खोलीकडं आलो, ते मातीतनं आलं. म्हनून तर पोरीला खांद्यावर घ्यायचो. उंच दिसलं की ते येत न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तू भ्याली असतीस."

 पदर घेतला आणि त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी चटकन मागे होऊन माझा दंड धरला.

"वाकू नगं, सूनबाई. हितं वाकायचं न्हाई."

घरी ते आले नाहीत. पोरीचं भ्या जाऊ दे, मग बघू, म्हणाले. रस्त्यापर्यंत मात्र सोडायला आले, आमच्या मागून, उसाच्या बाजूने, घोंगडी खांद्यावर टाकून. मी पीकपाण्याचं काहीबाही मोठ्याने बोलत होते. मुलीने माझा हात घट्ट धरला होता आणि ती सारखी मागे वळून बघत होती. उसाकडे नाही, तात्यांकडे.