शिलारसातलं पाणी

मंडळी, आज शाळेत जे घडलं ते आजच वाचनालयाच्या या फळ्यावर लिहिते आहे.

मी बारामतीच्या मुलींच्या शाळेत शिकवते. सकाळी वर्गात फळ्यावर लिहून सांगत होते, की आपला काळा कातळ एकेकाळी तापलेला शिलारस होता. जमिनीखालच्या दाबामुळे त्यात पाणी विरघळून राहिलं होतं. ते असेपर्यंत स्फटिक धरायला उशीर होतो. वाफ होऊन ते निघून गेलं, की भराभर धरतात.

तपासणीला आलेले साहेब हसले. "बाई, आगीत कुठलं पाणी? पुसा ते."

मी पुसलं नाही. मुलींना आणि साहेबांना घेऊन जवळच्या गुऱ्हाळावर गेले. कढईपाशी बसलेल्या गुळव्याला विचारलं, "तात्या, पाक दाणा कधी धरतो?"

"पाणी हाय तवर न्हाय धरत, बाई. पाणी उडालं की धरतोय."

साहेब म्हणाले, "गूळ म्हणजे दगड नव्हे."

"नव्हेच. पण उकळत्या पाकात पाणी असतं आणि ते दाणा अडवतं, एवढं तर पटलं?"

साहेब शेऱ्यात लिहून गेले, बाई उद्धट आहेत.

उद्या मी हाच धडा पुढे शिकवणार आहे. तुम्ही आपल्या मुलींना पाठवाल ना?