अक्काच्या बोटांवरचे चट्टे

अक्काच्या बोटांवर पांढरे चट्टे उठले तेव्हा मी शाळेत मराठी शिकवायचो. शब्दाचं मूळ सांगितलं की माणसं शहाणी होतात, असं मला खरंच वाटायचं.

अक्का माझी थोरली बहीण, दिली फुलंब्रीला. भावकीत लग्न निघालं की रुखवताचे गव्हले वळायला पहिलं बोलावणं तिला. भिजवलेल्या रव्याचे गव्हाएवढे दाणे ती चिमटीतून भराभर सोडायची, बाकीच्या बायका बघत राहायच्या. चट्टे आले तरी बोलावणं थांबलं नाही. फक्त गेल्यावर कुणीतरी खुर्ची पुढं करायचं. "अक्का, तुमी बसा. लई केलंत आजवर." मान एवढा की नाव ठेवायची सोय नाही.

मी चवताळलो. बायकांना गोळा करून सांगितलं, हे कोड. शब्द आला संस्कृत 'कुष्ठ'वरून. जुन्या लोकांनी कातडीचे सगळे आजार त्या एका पोत्यात कोंबले, म्हणून हिंदीत कोढ़ म्हणजे महारोग आणि आपल्यात कोड म्हणजे नुसते पांढरे चट्टे. रंग गेला एवढंच, शिवून लागत नाही. डाग तर फारसीतला, तापल्या लोखंडानं जनावराला देतात तो. चट्ट्याचं मूळ मात्र मला कुठं सापडलं नाही, तेही प्रामाणिकपणे सांगून टाकलं. एकीनं मान डोलावली. "व्हय, सर म्हणत्यात ते खरं आसंल. पण लग्नाच्या कामात कशाला?"

पालथ्या घड्यावर पाणी. अक्काच मला म्हणाली, "मूळ सापडलं म्हणून माझ्या हातचं कुणी खानार हाय का? नको डोकं फोडूस."

मागच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. शहरात छावणी भागातल्या आमच्या घरी गव्हले वळायचे होते. अक्का पहिल्या गाडीनं आली. तिला वाटलं असणार, इथं तरी. नखं कापून आली होती. हात धुतले, पदराला पुसले आणि थेट पाटाशी जाऊन बसली. तेवढ्यात फोन आला, मुलाकडच्या बायका क्रांती चौकापर्यंत पोचल्या होत्या.

लेकीचं जमलेलं मोडलं तर? कुष्ठ, फारसी, काही आठवलं नाही. मी उठलो आणि खुर्ची ओढली.

"अक्का, तू इथं बस. लई केलंस आजवर."

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, मग उठून खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मला माझी लाज वाटली. तरी तिला परत पाटाशी ये, असं मी म्हणालो नाही.