साडूंच्या लेन्सा

माझ्या थोरल्या साडूंइतका कोरडा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि हे मी त्यांच्या स्वभावाबद्दल म्हणत नाही. स्वभाव तसा मायाळूच. पण ओलावा म्हटला की त्यांच्या अंगावर काटा येई. उन्हाळाभर भाजून निघालेलं शहर आभाळ भरून आलं म्हणून खूश व्हायचं, तेव्हा हे गृहस्थ घाईघाईने खिडक्या लावत फिरायचे. घरात ओला टॉवेल वाळत घातलेला त्यांना चालत नसे. कुकरची शिट्टी झाली की ते स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेत, आणि आत वाफेत अडकलेली अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दारावर थापा मारत राही. या सगळ्याला कारण एकच, लेन्सा. पूर्वी लग्नात फोटोग्राफर पोटाशी धरून, वरून आत डोकावून फोटो काढायचे ते रुंद रोलचे मोठे कॅमेरे पुष्कळांना आठवत असतील. मीडियम फॉरमॅट म्हणतात त्यांना. मोबाइल आले तसे ते माळ्यावर गेले आणि त्यांच्या लेन्सांना आतून बुरशी लागायला लागली. या अनाथ लेन्सा विकत घेऊन सांभाळायचं काम साडूंनी सरकारी कचेरीत हेडक्लार्क असतानाच अंगावर घेतलं होतं. सोलापूरची हवा देवाने खास लेन्सांसाठी बनवलेली आहे, माणसं तिच्यात उगाच राहतात, असं त्यांचं मत होतं.

खिशात पेन नसलं तरी चालेल, पण बॅटरी हवी. लेन्स हातात आली की एका बाजूने उजेड मारायचा आणि दुसऱ्या बाजूने एक डोळा मिटून बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी. ही सवय इतकी अंगात मुरली की लोकांकडे पाणी प्यायला दिलं तरी ते आधी पेल्यातून बॅटरी मारून घेत. घरातले लोणच्याचे, साखरेचे घट्ट झाकणाचे सगळे डबे लेन्सांनी बळकावले होते. बुटांच्या खोक्यात आणि औषधांच्या बाटलीत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात ना, त्या मागायला ते चपलांच्या दुकानात जात. बूट मात्र घेत नसत. बुरशी लागलेल्या लेन्सा एका खोलीत आणि निरोगी दुसऱ्या खोलीत. एकीतून दुसरीत जाताना हात साबणाने धुवायचे, आणि धुतलेले हात पूर्ण वाळेपर्यंत मधल्या दारात उभं राहायचं. स्वयंपाकघर सोडलं तर घराला दोनच खोल्या आणि एक हॉल. आम्ही गेलो की हॉलमध्ये जमिनीवर झोपत असू. खाटा आजारी लेन्सांच्या खोलीत होत्या.

उन्हाने बुरशी मरते म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर अक्काचे उडदाचे पापड आणि साडूंच्या लेन्सा शेजारी शेजारी वाळत पडायच्या. राखणीला अक्का. एकदा एका मोठ्या लेन्सीचा झोत नेमका पापडांखालच्या चादरीवर पडला आणि धूर निघाला. अक्का पाण्याची बादली घेऊन धावली तर साडू तिला अडवून म्हणाले, “थांब की. किती बारीक ठिपका पडलाय बघ. लई गुणाची लेन्स हाय.” चादर गेली, पापडांना धुराचा वास लागला. साडू दिवसभर खुशीत होते.

खरेदीला ते गावोगाव फिरत. कुठे स्टुडिओ बंद पडल्याचं कळलं की दुखवट्याला जावं तसं गंभीर चेहऱ्याने निघायचे. एकदा दुधनीला मला बरोबर नेलं होतं. तिथल्या एका फोटोग्राफरच्या माघारी त्याच्या बायकोने लेन्स विकायला काढली होती. तिने ती नवऱ्याच्या मफलरमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. साडूंनी बॅटरी मारली, मान हलवली, पुन्हा मारली, आणि अखेर घेतो म्हणाले. बाईंनी कानडीत काहीतरी विचारलं, साडूंनी कानडीतच उत्तर दिलं, त्यावर त्या जे बोलल्या ते ऐकून साडू खाली बघून नोटा मोजायला लागले. परतीच्या एसटीत मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. लेन्सीचं काय करणार म्हणून बाईंनी विचारलं होतं. जपून ठेवणार, असं साडू म्हणाले होते. “तर म्हणती, ठेवूनच द्यायची असली तर माझ्या पेटीत काय वाईट होती.”

कारण फोटो ते काढत नसत. लेन्स आली की परीक्षेपुरते दोन-चार काढायचे, तेही समोरच्या पाण्याच्या टाकीचे. टाकीवरची अक्षरं नीट आली की लेन्स डब्यात. मग डबा उघडायचा तो फक्त बुरशी नाही ना हे बघायला.

लेकीला बघायला मुलगा आला तो कोकणातला, चिपळूणकडचा. इतरांनी नोकरी विचारली, घरदार विचारलं. साडूंनी विचारलं, “तुमच्याकडं पाऊस किती म्हैने?” मुलाने खरं ते सांगितलं. साडूंनी शांतपणे त्याचा चष्मा मागून घेतला, बॅटरी मारली आणि त्याची हवा घराण्याला मानवणारी नाही असं आत येऊन जाहीर केलं. तरी लग्न झालं, कारण लेकीला मुलगा आवडला होता आणि अक्काला लेकीची आवड. पण लग्नानंतर साडू लेकीकडे राहायला म्हणून कधी गेले नाहीत. अक्का एकटी जायची. तिकडची हिरवळ, दारातली नदी, फणसाची झाडं यांचं तिला वेड लागलं होतं. साडू निवृत्त झाले तेव्हा तिने हळूच विषय काढला, की आता लेकीजवळ राहू या, जावई वरची खोली बांधून देतो म्हणतात. साडू म्हणाले, एवढ्या लेन्सांची व्यवस्था लावतो, मग बघू. ती व्यवस्था लागायच्या आधी आणखी लेन्सा आल्या. मग पावसाळा सरू दे म्हणाले. पावसाळा सरला की पुढचा पावसाळा दिसायला लागे. अक्का चिडायची नाही. मला एकदा चहा देताना म्हणाली, “तुमचे साडू बुरशीला भितात. मला कधी भ्याले असते तर बरं झालं असतं.” आणि हसली. मीही हसलो.

मग अक्काचं हृदय मोठं झाल्याचं निदान झालं. पाय सुजायचे, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी घाटाचा प्रवास बंद केला. ते ऐकून ती फक्त एवढंच म्हणाली की बरं झालं, आता यांना व्यवस्था लावायची घाई नाही. साडूंनी त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकलं आणि स्वतः कुकर लावला. घरभर वाफ झाली. डब्यांकडे त्यांनी बघितलंही नाही.

पुढे तिला दवाखान्यात ठेवलं. आत एका वेळी एकालाच सोडत आणि थोडाच वेळ. साडू त्या वेळात बोलत नसत. तिच्या नाकावरचा चष्मा काढत, लेन्सा पुसायचा मऊ कागद खिशातून काढून त्याने काचा पुसत, लेन्सांच्या रबरी फुंकणीने कडांची धूळ उडवत, उजेडाकडे धरून बघत आणि पुन्हा हलक्या हाताने तिला घालत. नर्सबाई एकदा त्यांना म्हणाली की आजोबा, त्यांचे डोळे मिटलेलेच असतात. साडू म्हणाले, “उघडंल तवा स्वच्छ दिसाय पायजे की.” भाद्रपदात अक्का गेली. त्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता आणि घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. त्या लावायचं कुणाला सुचलं नाही. साडूंनाही नाही.

सगळे विधी झाल्यावर लेक त्यांना न्यायला बसली होती. ते नाहीच म्हणतील असं आम्हां सर्वांना वाटलं. पण त्यांनी दोन दिवसांत डबे बांधले आणि जावयाच्या गाडीत चढवले. कोकणात तेव्हा पाऊस ओसरला नव्हता. निदान महिनाभर थांबा, असं मी सुचवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “लई थांबलो, साडू.”

दिवाळीनंतर आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. वरच्या खोलीत लेन्सा उघड्या फळीवर मांडलेल्या होत्या. खिडकीतून नदीवरचा दमट वारा थेट त्यांच्यावर येत होता. मी एक उचलून उजेडाकडे धरली. बॅटरीची गरजच नव्हती, आत पांढरी जाळी पसरलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती. साडूंना म्हटलं, अहो, हे काय. ते म्हणाले, “असू दे. तिला हितं राहायचं हुतं, तर मी तिला कोरड्यात ठिवली. आता ह्यांचं काय एवढं.” दाढी वाढली होती, अंगाने उतरले होते. पण एक नवल होतं. रोज सकाळी ते कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडत. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, होडीवाला, शेजाऱ्यांची म्हैस, जे समोर येईल त्याचा फोटो काढत. रोल धुवायला पुण्याला पाठवत, आणि आलेले फोटो ज्याचे त्याला नेऊन देत. म्हशीचाही दिला होता.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला खिडकीपाशी बसवलं. फळीवरची हाताला लागली ती लेन्स लावली आणि वरून कॅमेऱ्यात डोकावले. बराच वेळ मान वर केली नाही. बस चुकेल म्हणून मी चुळबुळ करायला लागलो, तेव्हा खट् असा आवाज झाला. “झालं,” म्हणाले, आणि रुमालाने स्वतःचा चष्मा पुसत राहिले.

फोटो टपालाने आला. बुरशीमुळे त्याच्यावर दुधासारखी साय धरली होती. गालांच्या रेषा, कपाळावरच्या आठ्या, बायकोची सगळी ओळख त्या सायीत विरघळली होती आणि खिडकीशी बसलेली एक बाई तेवढी उरली होती, मान किंचित कललेली. बायकोने तो हातात घेतला, पुष्कळ वेळ बघितला आणि म्हणाली, “ही मी नाही. ही अक्का आहे.” मग उठून आत गेली.

संध्याकाळी मी साडूंना फोन केला. फोटो मिळाला म्हटलं. ही काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. सांगावं की नाही कळेना, पण सांगितलं. पलीकडे नदीचा असावा तसा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, “मला बी तसंच दिसलं आत. एक कापी हितं ठिवलीय.” आणि पुढे, “ती लेन्स आता साफ करणार न्हाय मी.”