डिंडोलीत झालेलं खुनाचं पारायण

सुरतेला साड्या घ्यायला जायचं ठरलं तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शहाण्णव सालचा जानेवारी. नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं. "तुला रंगांतलं कळतं, तू चल," असं सासूबाई म्हणाल्या आणि मी लगेच पिशवी भरली. खरं सांगायचं तर साड्यांचं मला फारसं अप्रूप नव्हतं. मला सासूबाई एकट्या सापडायला हव्या होत्या.

त्याचं असं झालं होतं, की माहेरी मी वाचनालयातल्या कादंबऱ्यांचा फडशा पाडणारी, आणि नंदुरबारला सासरी आले ते वाचन बंद! आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) मते पुस्तक म्हणजे पोथी. बाकीच्यांनी डोकं फिरतं. नवऱ्याकडे वाचनालयाचा विषय काढला, तर त्याने हात वर केले. "आईला पटव, मग बघू." आता आईला पटवणं त्याला अठ्ठावीस वर्षांत जमलं नव्हतं, ते मला प्रवासात जमवायचं होतं.

भुसावळकडून येणारी पॅसेंजर धरली. हा प्रवास कुणी अजून केला नसेल तर खिडकीची जागा पकडा. नवापूरला स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, चहा एका राज्यात घेऊन दुसऱ्यात प्यायची मजा येते. व्यारा आलं तेव्हा धीर करून मी विषय काढला. आईंनी पिशवीतून पेरू काढला, माझ्या हातात ठेवला आणि विषय संपला. आमचा मुक्काम सुरतेच्या कडेला, डिंडोलीत होता; तिथे जाणाऱ्यांनी थेट सुरतेला जाऊ नये. आधीच्या स्टेशनावर, उधन्याला उतरावं, बाहेर शटल रिक्षा मिळते. तीत चौथा माणूस बसला की निघते म्हणतात, आमची सातवा बसल्यावर निघाली. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या बातम्या ऐकून आई नाकाला पदर लावूनच आल्या होत्या. रस्ते इतके झाडलेले बघून त्यांनी तो गुपचूप सोडला.

डिंडोलीत आईंची धाकटी बहीण, शोभामावशी. काका एका मार्केटात साड्यांच्या पॅकिंगला. काकांना रद्दीतून मराठी पुस्तकं वेचून आणायचा नाद होता, आणि फाटक्या पुस्तकांना ते कव्हर म्हणून साडीच्या खोक्यांवरची चित्रं चिकटवत. त्यामुळे मावशीच्या फळीवर नुसत्या नटलेल्या बायका! हिरव्या साडीतल्या हसऱ्या बाईच्या आत मंगळावर अडकलेली माणसं निघाली. शालूतल्या नवरीच्या आत विहिरीतलं भूत. मी तोवर फक्त घरगुती, रडव्या कादंबऱ्या वाचलेल्या. विज्ञानकथा नावाचा प्रकार मराठीत असतो हे मला तिथे, मोरीशेजारच्या पाटावर बसून कळलं. एका आमसुली साडीखाली सायकलवरून नर्मदेकाठी हिंडलेल्या कारकुनाचं प्रवासवर्णन होतं. ते वाचून माझे पाय शिवशिवायला लागले ते अजून थांबलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रिंग रोडची मार्केटं. सकाळी लवकर जा, दुपारी ठोक गिऱ्हाईक आलं की किरकोळवाल्यांना कोणी विचारत नाही. "आवो बा, बेसो! शुं बतावुं?" दुकानदाराने विचारलं. "लग्नाचं बताव," आई म्हणाल्या आणि पांढऱ्या गादीवर मांडी ठोकून बसल्या. दुपारपर्यंत दोघींचे हात पिशव्यांनी भरले. येताना पोंक खाल्ला, म्हणजे आपला हुरडाच, पण सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. खाल्ल्याशिवाय सुरत सोडू नये. पुढच्या सकाळी परतायचं होतं, आणि माझं काम तसंच राहिलेलं.

घरी आलो तर मावशीच्या ओट्यावर शेजारणी जमलेल्या. साड्यांच्या मागचे लोंबते दोरे कापायचं काम त्या घरी आणत. हात चालू असताना मावशी त्यांना वाचून दाखवायची. त्या दिवशी मावशीचा घसा पार बसलेला. मी पुढे झाले. "सुनेने चारचौघींत वाचायला बसायची आपल्यात रीत नाही," आई म्हणाल्या. "आण इकडे, मी वाचते." वर जांभळ्या बांधणीतली सोज्वळ बाई होती. आत पहिल्याच पानावर बंद खोलीत सावकाराचा खून होता. मला ठाऊक होतं. मी गप्प बसले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही!

आईंना वाचायची एकच तऱ्हा माहीत. पुस्तक कपाळाला लावून त्यांनी पोथीच्या चालीवर सुरुवात केली. सुरा आला तेव्हा आवाज अडखळला, पण सुरू केलेला अध्याय अर्धा सोडायचा नसतो. अध्याय संपला, त्यांनी सवयीने हात जोडले. ओट्यावरच्या सगळ्यांनी जोडले.

"मंग काय व्हयनं? पुढे वाचा ना, माय!" नवागामहून येणारी सखुबाई म्हणाली. आईंनी पान उलटलं.

अंधार पडेस्तोवर अर्धंच झालं. रात्री मी सामान बांधायला घेतलं, तर आई म्हणाल्या, "राहू दे. पारायण चालू असताना गावाची शीव ओलांडत नाहीत." सकाळी त्यांनी एसटीडी बूथवरून सासऱ्यांना कळवलं, "शोभाकडे पारायण लागलंय. समाप्ती करूनच निघते."

त्या दुपारी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. "मी सांगस तुमले, खुनी तो दिवानजीच शे," सखुबाईने जाहीर केलं. सगळ्यांचं तेच मत. सावकाराच्या पुतण्याने त्याला खुनाच्या दिवशी दिवेलागणीला चांदण्यात भिंतीवरून उडी मारताना बघितलंच होतं.

आई थांबल्या. दोन पानं मागे गेल्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "त्या दिवशी सावकारीण मोदक करून चंद्राची वाट बघत होती ना? म्हणजे संकष्टी. संकष्टीला दिवेलागणीला चांदणं कुठलं गं? चंद्र उगवेपर्यंत आपला जीव जातो. पुतण्या खोटं बोलतोय."

कात्र्या थांबल्या. मग आईंनी शेवटची पानं वाचली, घाईघाईत, चाल-बिल विसरून. पुतण्याच होता! सखुबाईने हातातली साडी सोडून टाळ्या वाजवल्या आणि आईंच्या पायाच पडली. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांदेखत आईंना मिठी मारली. आईंनी "पुरे" म्हटलं, पण गालातल्या गालात हसणं काही त्यांना लपवता येईना.

परतीच्या गाडीत व्यारा कधी गेलं कळलं नाही. आई ते भुताचं पुस्तक वाचत होत्या. घरी सासऱ्यांनी पारायणाचा प्रसाद मागितला, तेव्हा त्यांनी शांतपणे मिठाईच्या खोक्यातली सुरती घारी पुढे केली.

त्या साड्यांच्या आता गोधड्या झाल्या आहेत. लग्नात कोण काय नेसलं होतं, विचाराल तर आठवत नाही. आठवतो तो घरी आल्यानंतरचा सोमवार. "चप्पल घाल," एवढंच म्हणून आई मला वाचनालयात घेऊन गेल्या. तिथले गृहस्थ अदबीने म्हणाले, "काकू, धार्मिक ग्रंथ त्या कपाटात."

"ते झाले वाचून," आई म्हणाल्या. "खुनाची कुठे आहेत? आणि दोन खाती उघडा. एक माझं, एक सुनेचं. एकाच पुस्तकावर आमचं दोघींचं भागायचं नाही."