धुराची सुट्टी

"एक मिनिट. ऐकू दे." असं म्हणून तो लेकीच्या पाठीला कान लावायचा. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, एकदा तर सोसायटीच्या गणपतीत, आरतीच्या टाळ्या थांबवून. सई सहा वर्षांची. तिच्या छातीत शिट्टी वाजते का, एवढंच त्याला ऐकायचं असे. ती वैतागून म्हणायची, "बाबा, मैं ठीक हूँ ना!"

गुरुग्रामला तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. पुण्याचा, आयटीतला, माझ्याहून बराच लहान. मला ताई म्हणायचा. काळजी करणारे बाप तुम्हीही पाहिले असतील, पण हा त्या सगळ्यांचा मेरुमणी होता.

त्या नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की शाळांना धुराची सुट्टी मिळाली. इकडची मुलं त्या सुट्टीची वाटच बघत असतात. अख्खी दिल्ली डोंगरात पळाली आणि हॉटेलांचे भाव ऐकून आम्ही गार झालो. तेव्हा त्यानेच ऑफिसातल्या कुणाचे तरी दोन तंबू मागून आणले.

"चलो ताई, बिल्कुल स्वस्तात होईल. सईला चार दिवस हवा मिळेल, बस."

निघण्याआधी त्याने सोसायटीच्या बागेत तंबूची रंगीत तालीम घेतली. सिक्युरिटीवाला धावत आला. "सर, यहाँ अलाउड नहीं है." त्याला उत्तर देण्याच्या नादात तंबू अंगावर कोसळला आणि आतून आवाज आला, "सई, तू बाहेर आहेस ना?"

त्याच्या मोठ्या गाडीत दोन्ही कुटुंबं कोंबून आम्ही उत्तराखंडात लॅन्सडाउनच्या पलीकडे गेलो आणि एका शेतकऱ्याच्या रिकाम्या शेतात तंबू ठोकले. सईच्या बाबाच्या सामानात कपड्यांपेक्षा औषधं जास्त. गावात पाय ठेवताच पहिला प्रश्न, "भाईसाहब, डॉक्टर कितनी दूर है?" शेकोटीला सक्त मनाई, कारण धूर. माझा नवरा गोधडीत कुडकुडत म्हणाला, "यापेक्षा घरी बरा होतो." गॅसवर केलेलं पिठलं मात्र सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सई आणि माझा मुलगा एका करडामागे चढावर धावत सुटले. "सई, हळू! सई, थांब!" ओरडत तोही धावला. घरी ही पोरगी दोन जिने चढली तरी धापा टाकायची. आम्ही वर पोचलो तर ती करडाला मांडीवर घेऊन खिदळत होती. धापा तो टाकत होता.

त्याने तिच्या पाठीला कान लावला. मग जरा खाली. मग छातीला. त्याचा चेहरा उतरला.

"ताई, काही ऐकूच येत नाहीये."

मीही कान लावला. "अरे, छाती मोकळी आहे तिची! किती छान श्वास चाललाय."

मला वाटलं, आता हा उड्या मारेल. तो मटकन खाली बसला. "म्हणजे तिला काहीच झालेलं नाही. आम्हीच तिला तिथल्या हवेत ठेवलंय." त्याची बायको सईला घट्ट धरून उभी होती. फ्लॅटचं कर्ज, दोघांच्या नोकऱ्या, शाळा, सगळं गुरुग्रामात होतं. मला त्याची फार कणव आली, आणि खरं सांगते, भीतीही वाटली.

परतताना मेरठ ओलांडलं आणि मागच्या सीटवर सई खोकली. त्याने आरशातून बायकोकडे पाहिलं.

महिनाभरात त्याने साताऱ्याला कमी पगाराची नोकरी धरली. मी समजावलं, "घाई करतोयस. मोठी झाली की सुधारेल, डॉक्टरच म्हणतात ना?"

"हो ताई, म्हणतात. पण मी ऐकलंय."

निघायच्या सकाळी तो हवा शुद्ध करायचं मशीन घेऊन दाराशी आला. "याच्या खोलीत लावा," माझ्या मुलाकडे बघत म्हणाला. मुलगा नुकताच उठून घसा खाकरत होता, इकडे सकाळी सगळेच खाकरतात तसा. मग त्याने मला हळूच विचारलं, "तुम्ही कधी निघताय, ताई?"

"बघू. यांची बदली झाली की."

मान हलवून तो गेला.

आम्ही गॅलरीतून हात हलवले. गाडी गेटपर्यंतही दिसली नाही; मागचे लाल दिवे धुरक्यात विरून गेले. हात हलवता हलवता माझा मुलगा खोकला. मी त्याला आत ओढलं आणि काचा लावून घेतल्या.