गिरणीच्या मापाचा नळ

ऑक्टोबरचं ऊन. सकाळी नऊलाच लालबागच्या त्या चाळीत अंगाला सदरा चिकटला होता. दौलत परब पोटमाळ्यावरची टाकी काठोकाठ भरून बांगडे साफ करायला बसले होते, आणि मोरीत दीपक प्लंबर स्वतःशीच शिव्या पुटपुटत होता.

दौलतांच्या बायकोचा, मालनबाईंचा, उजवा खांदा दोन महिने आखडलेला. तांब्या डोक्यापर्यंत जायचा नाही. सून सुचित्रा ऑफिसला निघण्याआधी त्यांना आंघोळ घालायची. पोर गुणी, पण तिच्यापुढं उघडं बसताना मालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शॉवर होता, त्याचा जुना पितळी नळ फिरेनासा झालेला. आज नवा बसणार म्हणून सुनेला त्यांनी आंघोळ घालू न देताच ऑफिसला पाठवली होती.

नवा नळ अर्धा इंची, तो पाइपावर चढेना. दीपक पाऊण इंची जोड घेऊन आला, तो खुळखुळ्यासारखा हलायला लागला. परत दुकान. फट बुजवायला सफेदा लावला, धागा गुंडाळला, टेपचं अख्खं रीळ संपवलं. टाकीचा कॉक उघडला की पाणी दीपकच्या तोंडावर.

"कुठल्या गाढवानं बसवलाय हा?"

दौलत बांगड्यावरची नजर न काढता म्हणाले, घरमालकाचा कोणी माणूस होता, मरून गेला बिचारा.

"तो मेलेला तिथं बांगडे साफ करतोय," मालनबाई कॉटवरून म्हणाल्या.

एक्याऐंशी साली दौलत गिरणीत फिटर होते. वाफेच्या लाइनीवरचा हा नळ भंगारात निघाला, तो त्यांनी घरी आणला. त्याच्या मापाचा पाइप बाजारात मिळेना, तेव्हा पाऊण इंची पाइपाच्या तोंडाला तीन रविवार कानस मारून त्यांनी पाइपच नळाच्या मापाचा केला. चाळीस वर्षांत थेंब गळला नाही, हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मोरीपर्यंत नेऊन सांगून झालेलं.

दीपकचं म्हणणं सरळ होतं. कानस मारलेलं तोंड कापू, मागं पाइप शाबूत आहे, त्याला नवे आटे पाडू, मध्ये पाऊण इंचावरून अर्ध्यावर आणणारा रिड्यूसर टाकू. दौलत खवळले. आजकालच्या पोरांना कापण्यापलीकडं काही येत नाही म्हणाले, नि हात धुऊन, ट्रंकेतली कानस काढून नव्याकोऱ्या नळाचेच आटे घासायला निघाले. दीपकनं कपाळाला हात लावला.

"कानस ठेवा खाली," मालनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माका माझ्या हातान आंघोळ करूची आसा."

दौलतांनी कानस ट्रंकेत परत टाकली. मग त्यांनी दीपकच्या हातातली करवत घेतली. कापायचंच तर दुसऱ्यानं कशाला. चार बोटं पाइप मोरीत खणकन पडला. आटे दीपकला पाडू दिले, पण तेल घाल रे, अर्धा फेरा उलटा घे रे, असं करत त्याला सुखानं एक फेराही घेऊ दिला नाही.

नळ बसला. मालनबाई आत गेल्या आणि कडी वाजली. पाणी पडायला लागलं, ते थांबेचना.

सगळी टाकी संपवणार ही बाई, असं पुटपुटत दौलतांनी माशांच्या ताटाशी आलेलं मांजर हाकललं आणि पुढचा बांगडा हातात घेतला.