जिभेला चिकटलेलं हाड

अपघातानंतर माझ्या पायाच्या हाडात पोकळी राहिली होती. तिथे कृत्रिम हाड भरायचं ठरत होतं, पण भीतीने मी होकार देत नव्हतो. त्याबद्दलच बोलायला डॉक्टरांकडे धारवाडहून हुबळीला निघालो होतो. रायापूर गेल्यावर बसमध्ये शेजारच्या तरुण बाईने डबीतून खडूसारखा पांढरा तुकडा काढला आणि जिभेला लावला.

समोरच्या अज्जी वळून कौतुकाने म्हणाल्या, "कितवा महिना गं?"

तिला बोलता येईना. तुकडा जिभेला चिकटला होता. ती जोरजोरात मान हलवत राहिली.

"लाजतेस काय? मीही खडू खायची."

शेवटी तुकडा सुटला. "अज्जी, हे हाड आहे! आमच्या प्रयोगशाळेत बनवतो."

"शिव शिवा!" अज्जी पुढे वळल्या त्या वळल्याच.

"पण चाटता कशाला?" मी विचारलं.

"वाईट खोड, काका. छिद्रं चांगली पडली की चिकटतं. सर रागावतात."

मी पाय दाखवला. "हे आत दगडासारखं पडून राहील ना?"

"छे! आम्ही नुसत्या रिकाम्या खोल्या बांधतो. राहायला तुमचंच हाड येतं."

उणकलला ती उतरली. नाव विचारायचं राहिलंच.

मी होकार दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एवढी हिंमत कुठून आली?"

बसमध्ये एका बाईने हाड चाटून दाखवलं, हे सांगायची हिंमत मात्र झाली नाही.